'आम्ही' आणि 'आपण' : इटलीच्या सहलीचे मराठी व्याकरण

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या आणि मे महिना लागला, की पुण्यातील प्राध्यापकांच्या खोलीत एक विषय हमखास निघतो : यंदा कोण कुठे. पूर्वी त्याची उत्तरे महाबळेश्वर, कोकण, फार तर काश्मीर अशी असत. आता त्यांत इटलीची भर पडली आहे. मुले मोठी झालेली, घराचे हप्ते आटोक्यात आलेले आणि दोघांनाही एकाच वेळी सुटी मिळालेली, अशा जोडप्याने आठ-दहा दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस आणि मिलान पाहून यावे, यात आता नवल राहिलेले नाही. परतल्यावर छायाचित्रे दाखविली जातात, चॉकलेटे वाटली जातात, आणि मराठीची पदवी घेतलेले आमच्यासारखे लोक त्यावर कुठे तरी एखादा लेखही लिहितात. गृहनिर्माण संस्थेची स्मरणिका, महाविद्यालयाचे वार्षिक, एखादा दिवाळी अंक यांतून असे लेख दरवर्षी येतात.

या सहलींची चेष्टा करणे हा मराठी लेखनातला एक सोपा उद्योग आहे. बसमध्ये मिळणारा डाळभात, 'डेव्हिड'समोर काढलेला फोटो, गोंडोलात बसून म्हटलेले हिंदी गाणे यांवर विनोद करायला फारशी प्रतिभा लागत नाही. आम्हांला तो उद्योग करावयाचा नाही. आम्ही दोघे त्याच बसमधून हिंडून आलो आहोत आणि तो डाळभात आम्ही आवडीने खाल्ला आहे. आमचा प्रश्न सहलीविषयी नसून तिच्या लेखनाविषयी आहे. 'आम्ही रोमला पोहोचलो', 'आम्ही फ्लॉरेन्स पाहिले', 'आम्हांला व्हेनिस फार आवडले' या वाक्यांतला 'आम्ही' कोण आहे?

मराठीत या प्रश्नाला विशेष धार आहे. इंग्रजीत जिथे एका शब्दावर भागते, तिथे मराठीला दोन शब्द लागतात : 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. हा भेद मराठी मूल बोलू लागते तेव्हाच शिकते, त्यासाठी त्याला व्याकरणाचे पुस्तक लागत नाही. सहल कंपनीचे कार्यक्रमपत्रक या दृष्टीने वाचण्याजोगे असते. 'आज आपण रोमहून फ्लॉरेन्सकडे प्रस्थान करणार आहोत', असे ते भविष्यकाळात आणि 'आपण'मध्ये बोलते. सहलीहून परतलेला लेखक मात्र भूतकाळात आणि 'आम्ही'मध्ये बोलतो. जाण्यापूर्वी सर्वांचे असलेले इटली, जाऊन आल्यावर आमचे होते. वाचकाला दारात उभे करून आम्ही आतल्या वस्तू दाखवीत राहतो.

हा 'आम्ही' मराठी प्रवासवर्णनाला जन्मापासून चिकटलेला आहे. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते काकांसह. त्यामुळे 'माझा प्रवास' असे नाव असलेल्या पुस्तकातला प्रवासही मुळात दोघांचा आहे. दक्षिणेच्या आशेने निघालेले हे दोन भिक्षुक १८५७ च्या धुमाळीत सापडले आणि झाशीपर्यंत जाऊन आले. त्यांचा 'आम्ही' दोघांच्या समान भयाने बांधलेला होता. लेखनानंतर अनेक वर्षांनी, १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्य यांनी ते पुस्तक छापले. त्याच्या कितीतरी आधी, १८८३ साली, पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' प्रसिद्ध झाला होता. लहानग्या मुलीला घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या त्या विधवा बाईला आपल्या प्रवासाचा जाब समाजाला एकटीनेच द्यायचा होता. त्यामुळे तिथे 'मी'च्या मागे लपायला 'आम्ही' नव्हता.

स्वातंत्र्यानंतरच्या मध्यमवर्गीय प्रवासवर्णनाने जो 'आम्ही' रूढ केला तो पतिपत्नींचा. त्याचे सर्वांत लाडके उदाहरण अर्थातच 'अपूर्वाई'. १९५८ साली पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले, सुनीताबाई सोबत होत्या, आणि १९६० साली पुस्तक आले. परदेश म्हणजे ज्यांना भूगोलाचा धडा होता अशा हजारो वाचकांना त्या पुस्तकाने हाताला धरून बोटीवर चढविले. त्यातील 'आम्ही' व्याकरणाने वाचकाला वगळत असला, तरी विनोदामुळे तो 'आपण' होऊन जातो. परदेशात गोंधळलेला तो गृहस्थ आपल्याच आळीतला आहे, असे प्रत्येकाला वाटते. ही किमया मोठी आहे. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यापुढचा प्रश्न विचारायला हवा. प्रवास दोघांचा आणि लेखणी एकाची, हे त्या पुस्तकाचे वास्तव आहे. १९९० साली 'आहे मनोहर तरी' आले, तेव्हा त्याच सहजीवनातली दुसरी नजर पहिल्यांदा मराठी वाचकासमोर आली, आणि अनेकांना ती सोसवली नाही. ते प्रवासवर्णन नव्हे, हे खरे. तरीही एका 'आम्ही'त दोन माणसे असतात आणि त्यांचे दिसणे एकसारखे नसते, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने जितके स्पष्टपणे शिकविले तितके प्रवासवर्णनाच्या कोणत्याही व्याख्येने शिकविले नसेल.

मीना प्रभूंनी या 'आम्ही'तून वाट काढली ती बाहेर पडून. २०२५ साली निवर्तलेल्या या लेखिकेने 'माझं लंडन'पासून देशामागून देश लिहिला, आणि इटलीसाठी तर 'रोमराज्य'चे दोन भाग खर्ची घातले. त्यांनी अनेक प्रवास एकटीने केले, या गोष्टीचा वाङ्मयीन अर्थ आपण पुरेसा लक्षात घेतलेला नाही. एकटा प्रवासी वाटेत भेटणाऱ्या माणसांशी बोलतो, कारण बोलायला दुसरे कोणी नसते. जोडपे मात्र आपसांत बोलते. जोडप्याच्या इटलीत इटालियन माणसे कमी का असतात, याचे एक कारण हे आहे.

आता काळ आणखी बदलला आहे. प्रवासवर्णन ज्या दोन पायांवर उभे होते, ते म्हणजे माहिती आणि नवलाई, दोन्ही निखळले आहेत. पिसाचा मनोरा किती कलला आहे हे वाचकाला लेखकाआधी ठाऊक असते. व्हेनिसला तर दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांची इतकी गर्दी झाली, की २०२४ पासून त्या नगरीने गर्दीच्या ठरावीक दिवशी त्यांच्याकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. जिथे जाण्यासाठी रांग आहे तिथली अपूर्वाई कशी लिहायची? वाचक जाऊ शकत नव्हता तोवर 'आम्ही' म्हणण्यात एक प्रामाणिकपणा होता, कारण खरोखरच आम्ही गेलो होतो आणि तो गेला नव्हता. आता तोही गेलेला आहे, किंवा त्याची मुलगी मिलानला शिकते आहे. अशा वेळी त्याला दारात उभे करणारा 'आम्ही' नुसता ऐटीचा उरतो.

मग काय उरते? आमच्या मते, नाते उरते. एखाद्या गावाशी आपला संबंध काय, हा प्रश्न घेऊन जो प्रवासी जातो त्याचे लेखन माहिती आणि नवलाई संपल्यावरही टिकते. आणि इटलीशी मराठी माणसाचा संबंध सहल कंपन्यांच्या पुष्कळ आधी सुरू झालेला आहे. तो सुखाचा नाही, म्हणून तो कार्यक्रमपत्रकात नसतो.

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने 'काशीने' नावाचे लांबलचक उद्यान पसरले आहे. त्याच्या अगदी पश्चिम टोकाला, मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथे, एक छत्री आहे. छत्री हा शब्द आम्ही पुणेकर ज्या अर्थाने वानवडीच्या शिंदे छत्रीसाठी वापरतो त्याच अर्थाने. खांब, वर घुमट, आणि आत फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा. हा तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, ज्यांच्या नावाने कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय चालते. १८७० च्या मे महिन्यात ते मुंबईहून युरोपला निघाले, इंग्लंड पाहिले, आणि परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समधील एका हॉटेलात वारले. वय वीस. शवदहन तिथे रूढ नव्हते. विशेष परवानगीने दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. चार वर्षांनी, १८७४ साली, त्याच जागी ही छत्री उभी राहिली. तिची रचना चार्ल्स मांट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडाही पुढे त्यांनीच आखला. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा. शेजारून जाणाऱ्या, १९७८ साली पुऱ्या झालेल्या पुलाला गावाने 'पोन्ते आल्ल'इंदियानो', म्हणजे 'त्या हिंदी माणसाचा पूल', असे नाव दिले आहे. रोज हजारो मोटारी या नावावरून जातात. नावातला 'हिंदी माणूस' कोण, हे त्या मोटारींतील किती जणांना ठाऊक असेल ते सांगवत नाही. पण त्यांच्याविषयी तक्रार करण्याआधी, आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे हे विचारलेले बरे.

या मृत्यूची तारीखही विचार करण्यासारखी आहे. त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीच्या राज्याची राजधानी होती. इटालियन सैन्याने रोम घेतले ते २० सप्टेंबर १८७० रोजी, म्हणजे राजाराम महाराजांच्या मृत्यूच्या जेमतेम दहा आठवडे आधी. एक राष्ट्र आपले एकीकरण पुरे करीत असताना, ज्याचे राज्य एका परक्या सत्तेच्या देखरेखीखाली होते असा एक तरुण राजा त्या राष्ट्राच्या तात्पुरत्या राजधानीत अखेरचा श्वास घेत होता. कादंबरीकाराने हे रचले असते तर समीक्षकांनी त्याला अतिरंजित म्हटले असते.

राजाराम महाराजांनी या प्रवासात इंग्रजीत रोजनिशी लिहिली. त्यांच्यासोबत असलेले इंग्रज अधिकारी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती संपादित करून १८७२ साली लंडनला छापली. मराठी प्रवासवर्णनाच्या चर्चेत ती क्वचितच येते. इंग्लंडचे श्रीमंत तरुण शिक्षण पुरे करण्यासाठी शिक्षकासह इटलीपर्यंत जात, त्याला 'ग्रँड टूर' म्हणत. राजाराम महाराजांचा प्रवास हा त्याचाच उलटा आरसा होता : वसाहतीतल्या राजाला सुधारण्यासाठी, साहेबाच्या सोबतीने, साहेबाच्या भाषेत. त्या रोजनिशीतला 'मी' कुणाचा?

आमच्या सहलीत फ्लॉरेन्सला एक दुपार मोकळी होती. बाकीचे सहप्रवासी चामड्याच्या वस्तूंच्या बाजाराकडे वळले आणि आम्ही दोघे काशीनेच्या कडेने चालत त्या टोकाला गेलो. तिथे एक आजोबा कुत्र्याला फिरवीत होते, दोन मुले सायकली टेकवून बसली होती. चार भाषांतल्या लेखांतली अक्षरे लावीत आम्ही थोडा वेळ उभे राहिलो आणि मग, अपेक्षेप्रमाणे, आमचे भांडण झाले.

आमच्यापैकी एकीला त्या पुतळ्यात फक्त वय दिसत होते. तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात समोर बसलेली मुले वीस वर्षांचीच असतात. परक्या गावच्या हॉटेलात, भोवती आपल्या भाषेतली चार माणसे आणि औषध कोणते द्यायचे यावर साहेब, डॉक्टर आणि वैद्य यांच्यात चाललेला घोळ, अशा अवस्थेत विसाव्या वर्षी मरण येणे, हे तिच्या लेखी या जागेचे सारे सत्य होते. रोजनिशी इंग्रजीत असली म्हणून काय झाले? दूरच्या गावी मेलेल्या मुलाची वही कोणत्या भाषेत आहे ते आई विचारीत नाही. ती वही मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात घेतलीच पाहिजे, असे तिचे म्हणणे.

दुसऱ्याचे म्हणणे असे, की करुणेने भाषेचा प्रश्न सुटत नाही. मालकाच्या भाषेत आणि मालकाच्या प्रतिनिधीच्या नजरेखाली लिहिलेली वही 'आपली' म्हणून घरात घेणे म्हणजे त्या नजरेवर पांघरूण घालणे. त्या वहीचा अभ्यास जरूर व्हावा, पण मराठीने काय लिहिले याचा दाखला म्हणून नव्हे. मराठीला काय लिहू दिले गेले नाही, याचा दाखला म्हणून. 'छत्री' या शब्दाने आपण गहिवरतो, पण तिचा रचनाकारही इंग्रज आणि शिल्पकारही इंग्रज. आपण गहिवरतो ते कुणी तरी आपल्यासाठी रचून ठेवलेल्या चित्रापुढे.

हे भांडण परतीच्या ट्राममध्ये चालले, व्हेनिसमध्ये चालले, आणि हा लेख लिहिताना संपलेले नाही. ते संपावे अशी आमची इच्छाही नाही. मात्र एक गोष्ट आम्हां दोघांनाही तिथेच जाणवली. उफ्फिझीतल्या चित्रांसमोर आम्ही दोघांनी 'सुंदर' हा एकच शब्द उच्चारला होता आणि पुढे गेलो होतो. ज्या जागेशी आपले नाते आहे तिथे मात्र आमची दोन मते झाली. मतभेद हे नात्याचे लक्षण आहे. दोघांच्या प्रवासवर्णनात मतभेद नसेल, तर त्या दोघांपैकी एकाने काहीच पाहिलेले नाही असे खुशाल समजावे.

राजाराम महाराज राजे होते, म्हणून त्यांची वही छापली गेली आणि छत्री उभी राहिली. त्यांच्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी जी मराठी माणसे इटलीत गेली त्यांच्या वाट्याला वही नव्हती. १९४३ ते १९४५ या काळात चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन इटलीत लढल्या. सुमारे ५० हजार हिंदी सैनिक तिथे होते, आणि त्यांपैकी साडेपाच हजारांहून अधिक परत आले नाहीत. रोमच्या सहलीत कास्तेल सांत'आंजेलोसमोरच्या पुलावर उभे राहून टायबर नदीचे छायाचित्र सगळेच काढतात. त्याच टायबरच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा पायदळाच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडले. आपल्या तुकडीतले सगळे मेलेले किंवा घायाळ झालेले पाहून ते एकटेच मशीनगनवर धावून गेले, चौकी घेतली, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी मारले गेले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, समाधी नाही. कॅसिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे. ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाणारा पुणेकर ज्या माणगावात चहाला थांबतो तिथे त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ साली उंब्रियातील मोन्तोने या लहानशा गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नामदेव जाधव हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. ते जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत आपल्यात होते.

या माणसांनी इटली पाहिले नाही का? त्यांनी द्राक्षांचे मळे पाहिले, चर्चे पाहिली, चिखलात रुतलेल्या गाड्या आणि उपाशी मुले पाहिली, आणि ती पायी चालत पाहिली. आम्ही बसच्या काचेतून पाहिले त्यापेक्षा ते पाहणे निश्चितच जवळचे होते. पण त्यांतल्या अनेकांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांची पत्रे गेली ती सेन्सॉरच्या हाताखालून गेली. प्रवासवर्णनाची जी अभ्यासपत्रिका आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो तिच्यात त्यांना जागा नाही, कारण आपल्या व्याख्येनुसार प्रवासी तो, जो तिकीट काढून जातो आणि परतून लिहितो. ज्याला पाठविले जाते आणि जो परतत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे वाङ्मयप्रकार नाही.

इटलीशी आणखी एक नाते पायांनी न जाता पुस्तकातून जुळले. गोडसे भटजींचे पुस्तक छापले गेले त्याच १९०७ साली विनायक दामोदर सावरकर यांचे 'जोसेफ मॅझिनी' प्रसिद्ध झाले. ते लिहिले गेले लंडनमध्ये, वाचले गेले महाराष्ट्रात, आणि सरकारने लवकरच जप्त केले. त्या पिढीतील पुण्याच्या तरुणाला इटली म्हणजे गोंडोला नव्हता. इटली म्हणजे मॅझिनी आणि गॅरिबाल्डी. तिथला 'आम्ही' राष्ट्राचा होता आणि तो धोक्याचाही होता, कारण तो उच्चारल्याबद्दल शिक्षा होऊ शकत होती. त्या 'आम्ही'त कोण सामावले आणि कोण बाहेर राहिले, यावर पुढे शंभर वर्षे वाद झाला आणि तो अजून चालू आहे. मॅझिनीचे जन्मगाव आणि दफनभूमी दोन्ही जिनोआला. आमच्या कार्यक्रमपत्रकात जिनोआ नव्हते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. इटलीला जाऊन कोल्हापूर आणि माणगाव शोधायचे असेल, तर घरीच बसावे की. जगाच्या कलेचे माहेरघर समोर असताना आपल्या माणसांच्या खुणा हुडकणे हा कोतेपणा नव्हे काय? मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' सर्व मानवजातीचा आहे, त्याला मराठी नात्याची गरज काय?

याला आमचे उत्तर असे. आपल्या खुणा दोन प्रकारांनी शोधता येतात. एक प्रकार अभिमानाचा. 'इथेही आपला माणूस होता', असे म्हणून फोटो काढायचा आणि छाती फुगवायची. हा 'डेव्हिड'समोरच्या फोटोपेक्षा वेगळा नाही, किंबहुना अधिक वाईट आहे, कारण 'डेव्हिड'ला आपण निदान परका तरी मानतो. दुसरा प्रकार अस्वस्थतेचा. राजाराम महाराजांची छत्री काय, किंवा कॅसिनोच्या दगडावरील नाव काय, ही अभिमानाची ठिकाणे नव्हेत. परक्याच्या इच्छेने घडलेल्या प्रवासांचे ते अवशेष आहेत. त्यांच्यासमोर उभे राहिले म्हणजे आपण आज स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या पैशाने इथे आलो आहोत, ही साधी गोष्ट साधी राहत नाही. त्यानंतर 'डेव्हिड' पाहिला तर तोही वेगळा दिसतो. तो पुतळा मुळात चौकात, उघड्यावर, एका लहानशा गणराज्याचे चिन्ह म्हणून उभा होता. १८७३ साली त्याला आत नेण्यात आले, म्हणजे छत्री बांधून झाली त्याच्या आदल्याच वर्षी. ज्या शहराने स्वतःच्या स्वातंत्र्याचे चिन्ह पावसापासून जपण्यासाठी आत हलविले, त्याच शहराच्या टोकाला एक परतंत्र राजा पावसात उभा राहिला. या दोन गोष्टी एकत्र पाहणे कोतेपणाचे आहे असे आम्हांला वाटत नाही. त्या एकत्र पाहण्यासाठी मराठीतून आलेला प्रवासीच लागतो, आणि तेच त्याचे इटलीला देणे आहे.

जोडप्याने प्रवासवर्णन कसे लिहावे, यावर आम्ही सूत्रे सांगू इच्छीत नाही. दोन गोष्टी मात्र आग्रहाने मांडतो. पहिली अशी, की दोघे गेले असतील तर दोघांनी लिहावे, आणि दोन लेखण्यांचे सांधे दिसू द्यावेत. 'आम्हांला आवडले' हे वाक्य लिहिण्यापूर्वी शेजारच्या माणसाला एकदा विचारून पाहावे. बहुधा उत्तर वेगळे येते. विशेषतः बायकांनी पाहिलेले गाव नवऱ्यांच्या 'आम्ही'त विरघळून जाण्याची मराठीतली परंपरा आता पुरे झाली. व्हेनिसमध्ये आमच्यापैकी एकजण घुमटांकडे पाहत होता आणि एकजण, रहिवाशांनी खिडक्यांबाहेर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे मोजीत होती. त्या ओसरत्या वस्तीच्या नगरीत कोण अजून राहते, हे घुमटांवरून कळत नव्हते. दोऱ्यांवरून कळत होते.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. प्रवासवर्णन शिकविताना 'लेखकाची निरीक्षणशक्ती', 'निसर्गवर्णन', 'विनोद' अशी ठरावीक शीर्षके फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना टिपणे देण्याचे दिवस गेले. त्याऐवजी कोणत्याही प्रवासवर्णनाचे एक पान घ्यावे आणि त्यातले 'मी', 'आम्ही', 'आपण' पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगावेत. मग विचारावे : इथे कोण बोलत आहे, कोण सोबत असून गप्प आहे, आणि वाचकाला कुठे उभे केले आहे? आम्ही हा प्रयोग या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात केला. एका मुलीने 'आम्ही' या शब्दाखालच्या रेघा मोजून झाल्यावर विचारले, की ज्यांच्या घरचे कुणी सहलीला कधी गेलेच नाही, पण आजोबांचा थोरला भाऊ लढाईवरून परतलाच नाही, त्यांनी कोणता सर्वनाम वापरायचा. वर्गात थोडा वेळ कुणी बोलले नाही. पुढच्या आठवड्यात ती घरातून एक जुने पत्र घेऊन येणार आहे. त्यावर कोणत्या गावाचे नाव आहे ते तिला अजून वाचता आलेले नाही. ते आम्ही तिघे मिळून वाचू.